दारासकट फोटो

माझ्या मैत्रिणीला सगळे हनुवटी म्हणतात. तिची हनुवटी चारचौघींसारखीच आहे. पण ती मामाच्या स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढते, आणि समोरच्या स्टुलावर शाळकरी मुलगा बसो की बँकेचा मॅनेजर, तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. हनुवटी खाली. रस्त्यात ती दिसली की पोरं मुद्दाम माना खाली घालून चालतात. ती त्यांना सांगते, एवढी नको, टक्कल पडल्यावर बघू.

आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. नंतर मी कॉलेजात गेले, साहित्य घेऊन एम.ए. केलं. ती स्टुडिओत गेली. मला ती पुस्तक म्हणायची. पुस्तक, जरा सरक, उजेड अडवतेस. मी स्टुडिओत गेले की नेमकी उजेडाच्या वाटेत उभी राहायचे.

स्टुडिओ म्हणजे एक खोली. निळा पडदा, स्टूल, पांढऱ्या छत्र्या लावलेले दोन दिवे. आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा. खिळ्यावर एक काळा कोट आणि त्याच्या खिशात टाय. तो कोट कुणाच्याच मापाचा नव्हता. हनुवटी तो पाठीमागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळायची आणि समोरून माणूस साहेब दिसायचा. दोन्ही वस्त्यांतल्या निम्म्या ओळखपत्रांवर तो कोट आहे. ज्यांनी एकमेकांवर दगड फेकले त्यांच्याही. हे तिनेच मला एकदा दाखवलं होतं, जुन्या फोटोंचा डबा उघडून. बघ, म्हणाली, एकाच कोटातून किती जण भांडतात.

दोन वस्त्या म्हणजे वरची आणि खालची. स्टुडिओ वरच्या वस्तीच्या अगदी टोकाला आहे. पुढची चार दुकानं सोडली की खालची वस्ती लागते. सात वर्षांपूर्वी दंगल झाली, माणसं मेली, आणि त्या गल्लीत लोखंडी फाटक बसलं. तात्पुरतं आहे, असं सांगितलं होतं. फाटकाला गंज चढला, मग गंजावर रंग चढला. पलीकडे जायचं तर पाण्याच्या टाकीला वळसा घालून, बंद गिरणीच्या भिंतीकडेने जावं लागायचं. चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांच्या टोकाला मास्तर राहायचे.

मास्तर तीस वर्षं या स्टुडिओत टचिंग करत. फोटोतले मुरूम काढणं, मिटलेले डोळे उघडणं, वारलेल्या माणसाला घरच्यांच्या फोटोत आणून बसवणं. हे सगळं ब्रशने, दोन केसांच्या ब्रशने. हनुवटी सतराव्या वर्षी कामाला लागली तेव्हा त्यांनी तिला शिकवलं. फोटोत माणसामागची बाजू रंगवताना ब्रश कानावर गेला की ते एवढंच म्हणत, कान गेला. रागावत नसत. फोटो बाजूला ठेवून नवा द्यायचे. ती सांगायची, पहिल्या वर्षी मी अख्ख्या गावाला बहिरं केलं.

फाटक बसलं आणि मास्तरांचं येणं थांबलं. त्यांचे गुडघे चाळीस मिनिटांचे नव्हते. त्यांची खुर्ची मात्र खिडकीपाशी तशीच राहिली. गिऱ्हाइकांची कितीही गर्दी असो, हनुवटी त्या खुर्चीवर कुणाला बसू द्यायची नाही. मामा कुरकुरायचा, की मालक मी आहे आणि उभाही मीच आहे. दर गुरुवारी, दुकान बंद असलं की, ती आठवड्याचे फोटो घेऊन वळसा घालून मास्तरांकडे जायची. ते भिंगातून बघायचे, चुका काढायचे. एकदा तिने स्टुडिओच्या शटरचा उरलेला हिरवा रंग नेला आणि त्यांचं दार रंगवून आली. सगळ्या खालच्या वस्तीत तसं हिरवं दार दुसरं नव्हतं.

तिला फाटक उघडलेलं हवं होतं ते एवढ्यासाठी. शांतता वगैरे शब्द ती वापरायची नाही. तिला मास्तर त्या खुर्चीवर हवे होते.

गेल्या वर्षी शांतता समितीने जाहीर केलं की दोन्ही वस्त्यांनी लेखी संमती दिली तर फाटक उघडू. समितीचे अध्यक्ष हार्डवेअरचे व्यापारी. फाटकही त्यांच्याच दुकानातून आलेलं. वडीलधाऱ्यांच्या तीन बैठका झाल्या. तिन्ही मोडल्या. एक तर कोण कुठल्या बाजूला बसणार यावरूनच. तेव्हा आम्ही काही जण पुढे झालो. दोन्हीकडची मिळून नऊ पोरं. हनुवटी सगळ्यांत मोठी, सव्वीस वर्षांची. रविवारी सकाळी ती सगळ्यांना स्टुडिओत कॅमेरा शिकवायची. वरच्यांनी खालच्या वस्तीत जाऊन फोटो काढायचे, खालच्यांनी वर येऊन. आणि ते फाटकाच्या गजांवर लावायचे, दोन्हीकडून दिसतील असे.

तिची कल्पना साधी होती. निळा पडदा बरोबर न्यायचा. दोघांनी तो माणसाच्या मागे धरायचा. सगळ्यांचा फोटो सारखाच, छातीपर्यंत. कोटही नेऊ, म्हणाली. कोण कुठला ते कळणारच नाही.

मी म्हणाले, हे पोलीस ठाण्यातल्या फोटोंसारखं दिसेल. माणूस त्याच्या दारात उभा असायला हवा. दार उघडं असेल तर बघणाऱ्याला वाटेल, हा मला आत बोलावतोय.

शेवटचं वाक्य मी आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हनुवटी पडद्याची घडी घालत होती. तिने विचारलं, चेहरा पुरत नाही का गं? मी म्हणाले, चेहऱ्याला घर हवं. ती म्हणाली, तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल.

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चौतीस फोटो झाले. शिंपी, नर्स, दूधवाला, रिक्षावाला, टचिंगवाले मास्तर. प्रत्येक जण आपापल्या उघड्या दारात. दारावर सगळं होतं. घंटीचं बटण, खरवडलेला स्टिकर, पोरांची उंची मोजून पेन्सिलीने मारलेल्या रेघा. फोटोखालच्या ओळी मी लिहिल्या. नाव कुणाचंच दिलं नाही, गल्ली दिली नाही. फक्त काम आणि एक वाक्य. कुणाला त्रास व्हायला नको म्हणून. या काळजीचा आम्हाला अभिमान वाटत होता. जिथे रात्रंदिवस माणसं एकमेकांच्या दारावरून जातात तिथे नाव लागत नाही, हे आम्हा नवांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिले दिवस चांगले गेले. ते खोटं नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. फाटकावरचा शिपाई चार ते सहा फाटक उघडायचा, फोटो बघायला. लोक स्वतःला बघायला यायचे आणि शेजारच्यालाही बघून जायचे. नर्सची सासू वरच्या वस्तीतली, दूधवाला खालचा. दंगलीआधी ते रोज भांडायचे. तिने आपला फोटो बघितला आणि विचारलं, मला याच्या शेजारी का टांगलंय? हा दुधात पाणी घालतो. दूधवाला तिथेच होता. तो म्हणाला, आजी, पाणी तुमच्याच नळाचं असायचं. सात वर्षांनी ते पुन्हा भांडले. शिपाई हसत होता.

पाचव्या दिवशी मास्तर आले. शिपायाच्या हाताला धरून फाटकातून आले आणि चार दुकानं ओलांडून स्टुडिओत. हनुवटीने खुर्ची पुसली. ती आधीच पुसलेली होती. मास्तर बसले, भिंग काढलं आणि सगळे फोटो मागवले. एकेक बघत गेले. शेवटी त्यांचा स्वतःचा फोटो आला, हिरव्या दारातला.

“दार छान आलंय,” ते म्हणाले. “मी मागे पडलोय.”

हनुवटीला हसू आलं. मास्तरांना आलं नाही. ते म्हणाले, चेहऱ्याचा फोटो असला की माणसाने आधी चेहरा बघावा, तिथे फाटकापाशी लोक आधी दार बघतात आणि मग म्हणतात, अरे हा तो. हनुवटीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, जुन्या वळणाचे आहेत. तरी वाक्य आवडलं म्हणून मी वहीत टिपून घेतलं.

संमतीच्या सह्या शनिवारी व्हायच्या होत्या. बुधवारी दुपारी बस थांब्यावर मारामारी झाली. कशावरून, ते आजही दोन तऱ्हांनी सांगतात. शिपायाने फाटक लावलं. ते लावायला नको होतं की लावायलाच हवं होतं, मला माहीत नाही. त्याने काही फरक पडला नसता. कारण त्या दुपारी फाटक ओलांडून कुणीच आलं नाही. वरच्यांनी वरचीच दारं फोडली. खालच्यांनी खालची.

ज्यांनी परक्यांना दारात उभं करून घेतलं, कॅमेरा घेऊन आलेल्या पोरांना पाणी दिलं, त्यांचीच. एकोणीस दारं. मधली घरं सोडून. गजांवरचे फोटो ओढून काढले होते. ते हातात धरून माणसं गल्लीतून जात होती आणि दार जुळतंय का बघत होती. माझी ओळ खाली होतीच. शिंपी. नर्स. मास्तर.

हिरवं दार शोधायला फोटोही लागला नसेल. त्यावर रॉकेल ओतलं. मास्तर आत होते. त्यांनी आतून कडी काढायचा प्रयत्न केला. कडी तापली होती. शेजारच्यांनी त्यांना मागच्या खिडकीतून काढलं तेव्हा उजवा हात गेला होता. म्हणजे हात होता. बोटं एकमेकांना चिकटली होती.

चार दिवसांनी शाळेच्या सभागृहात सभा झाली. सकाळची, पोलीस बंदोबस्तात. दोन्ही वस्त्यांची माणसं होती. यावेळी कोण कुठे बसणार यावरून कुणी भांडलं नाही. अध्यक्ष म्हणाले की तरुणांचा हेतू चांगला होता. तेव्हा शिंपी उठला. त्याचं दार आणि दोन्ही यंत्रं मोडली होती. त्याने आवाज न चढवता विचारलं, दाराची कल्पना कुणाची?

मी तिसऱ्या रांगेत होते. बॅग मांडीवर होती. मी तिची चेन उघडली आणि लावली.

“फोटो माझे,” हनुवटी म्हणाली. ती उभी राहिली होती. “पोरांना मी शिकवलं. कसं काढायचं ते मीच सांगितलं.”

नवांपैकी एकाने माझ्याकडे वळून बघितलं. मी पुन्हा चेन उघडली. मग त्यानेही मान खाली घातली.

शिंपी तिला म्हणाला, “तू तर रोज चेहरे काढतेस, बाई. तुला चेहरा पुरला नाही?”

ती उभीच राहिली. अध्यक्षांनी चहा सांगितला.

सभा संपल्यावर मी तिच्याबरोबर स्टुडिओपर्यंत चालले. वाटेत मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, पुस्तक, घरी जा, तुझी आई वाट बघत असेल.

ती हॉस्पिटलात तीन वेळा गेली. वॉर्डच्या दारात मास्तरांची मुलगी उभी असायची. बाबा झोपलेत, म्हणायची. तिसऱ्या वेळी आत मास्तर खोकले. तरी मुलगी म्हणाली, झोपलेत. नंतर ती त्यांना तिच्या शहरात घेऊन गेली.

मग माणसं स्टुडिओत यायला लागली. पहिली आली नर्स. तिच्याकडे तिच्या फोटोची वेगळी प्रत होती, आम्ही प्रत्येकाला दिली होती तशी. फोटो चांगला आलाय, म्हणाली, टाकवत नाही. फक्त मागचं काढ. हनुवटीने कॉम्प्युटरवर दार काढलं, उंबरा काढला, पोरांच्या उंचीच्या रेघा काढल्या आणि मागे निळा रंग भरला. दुसऱ्या दिवशी रिक्षावाला. मग दूधवाला, चाळीस मिनिटांचा वळसा घालून. भिंतीलगतच्या बाकावर वरचे आणि खालचे शेजारी शेजारी बसायचे, हातात आपापले फोटो उलटे धरून. बोलायचे नाहीत. सात वर्षांत समितीला त्यांना एका बाकावर बसवता आलं नव्हतं.

हनुवटी एकेकाला हाक मारायची. किती ठेवायचं, विचारायची. सगळ्यांचं उत्तर एकच. चेहरा ठेव.

मीही जाऊन बसायचे. ती काम करत असायची. एकदा मी म्हणाले, मी मदत करू का? ती म्हणाली, कान जपायला लागतात, तुला जमायचं नाही. बाकीचं सगळं ती माझ्याशी नेहमीसारखं बोलायची. मामाची सर्दी, दिव्याचा उडालेला बल्ब. मला तेच सहन व्हायचं नाही.

एकतीस दारं काढून झाली. दोघं गाव सोडून गेले होते. एक राहिलं.

ते पाकिटातून आलं. मास्तरांच्या मुलीने फाटकावरच्या शिपायाच्या पत्त्यावर पाठवलं होतं, स्टुडिओच्या नाही. आत फोटो होता. हिरवं दार त्यात नव्हतं. दाराच्या जागी राखाडी रंग होता, ब्रशने भरलेला. पहिल्या वर्षाच्या पोराने भरावा तसा. कुठे जाड, कुठे पातळ, कडेला ओघळ. डाव्या बाजूला रंग आत शिरला होता आणि कान अर्धा बुजला होता. आमच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. हे त्यांनी डाव्या हाताने केलं होतं.

हनुवटीने फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने दोन शब्द होते, वाकडेतिकडे, उतरत गेलेले.

कान गेला.

मग तिने फोटो खणात ठेवला, खण लावला आणि बाकावरच्या माणसाला बोलावलं. त्याला पासपोर्टसाठी हवा होता. हनुवटी खाली, ती म्हणाली. आवाज रोजचाच होता. तो माणूस गेल्यावर तिने खिळ्यावरचा कोट काढला आणि मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. आता तिथे कोट असतो. गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं, कोट चढवतं, कुणी हटकत नाही. मामाही बसतो.

फाटक आता नाही. उन्हाळ्यात पाण्याची मोठी पाइपलाइन टाकायची होती, मशीन आत जाईना, म्हणून कापून काढलं. परत बसवलं नाही. त्यासाठी कुणाची सही लागली नाही. गल्ली मोकळी आहे. कुत्री जातात, वारा जातो. माणसं अजून टाकीला वळसा घालतात.

समितीचा वार्षिक अहवाल निघाला. मुखपृष्ठावर मास्तर आहेत, हिरव्या उघड्या दारात उभे. फाइल समितीकडे आधीपासून होती. छापायच्या आधी त्यांनी स्टुडिओत विचारलं होतं. हनुवटीने त्यांना राखाडी रंगाचा फोटो दाखवला आणि सांगितलं, मास्तरांना असा हवाय. कारकून म्हणाला, हा ओळखपत्राचा वाटतो, यात संदेश नाही. आतल्या पानावर माझी ओळ मोठ्या अक्षरांत छापली आहे. दार उघडं असलं की बघणाऱ्याला वाटतं, हा मला आत बोलावतोय. त्याखाली माझं नाव आहे.

तो अहवाल वाचून मला राजधानीतल्या एका संस्थेने बोलावलं. तरुण आणि शांतता, असा त्यांचा विभाग आहे. मुलाखतीत त्यांनी ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. नोकरी मिळाली. अर्जावर चिकटवायला दोन फोटो हवे होते.

मी तिच्याकडेच गेले. दुसरीकडे जाता आलं असतं. दुपारची वेळ, बाक रिकामा होता.

“कशासाठी?” तिने विचारलं.

“नोकरी.”

“कोट घाल.”

“नको.”

“घाल गं. सगळ्यांनी घातलाय.”

मी खुर्चीवरून कोट उचलला. तिने पाठीमागून चिमटे लावले. तिची बोटं थंड होती. मी स्टुलावर बसले. मागे निळा पडदा होता. तिने दिवे लावले आणि कॅमेऱ्यामागे गेली.

“ऐक ना,” मी म्हणाले. “सभेत त्या दिवशी, ते दाराचं...”

“बोलू नकोस,” ती म्हणाली. “हलतं.”

ती बघत होती. कॅमेऱ्यातून, मग कॅमेऱ्याच्या वरून, मग पुन्हा कॅमेऱ्यातून.

“हनुवटी वर घे,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने हे कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मी प्रयत्न केला. तिने थोडी वाट बघितली. मग आहे तसाच फोटो काढला.